पायरीवरचं पाणी : प्लॅटिनमसोबतचा माझा अनुभव

पाणी धातूवर कसं बसतं हे मोजायचं, तर आधी पाणीच हाकलावं लागतं. पीएचडीसाठी नेदरलँड्समधल्या लायडनला आले तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्या स्टीलच्या निर्वात चेंबरमध्ये मोजायचं, त्याच्या भिंतींना पाण्याचा थर चिकटलेला असतो आणि नुसते पंप लावून तो काही केल्या निघत नाही. म्हणून सगळं यंत्र फॉइलमध्ये गुंडाळून १२० अंशांच्या वर दोन-तीन दिवस तापवायचं. याला बेकआउट म्हणतात. त्यानंतर दाब १०⁻¹⁰ मिलिबारच्या आसपास उतरतो. एवढा कमी कशाला हवा? १०⁻⁶ मिलिबारला सेकंदाभरात उघडा पृष्ठभाग वायूने झाकून जातो, म्हणून.

माझा क्रिस्टल होता प्लॅटिनम (५३३); कंसातले आकडे तो कुठल्या दिशेने कापलाय ते सांगतात. तो मुद्दाम थोडा तिरका कापलेला असतो, त्यामुळे चार अणू रुंद सपाटी, मग एक अणू उंच पायरी, पुन्हा सपाटी, अशी रचना सलग मिळते. डोळ्यांना मात्र तो आरशासारखा गुळगुळीत दिसतो. पायऱ्या आहेत हे इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनच्या, म्हणजे पृष्ठभागावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ठिपक्यांच्या, पडद्यावर कळतं : तिथे एकेका ठिपक्याचे दोन झालेले असतात.

पाण्याला पायरी का आवडावी? कडेवरच्या अणूला शेजारी कमी, म्हणजे बंधासाठी तो जास्त मोकळा. शिवाय धातूतले इलेक्ट्रॉन कडेची धार बोथट करत पसरतात आणि पायरीच्या वरच्या कडेला किंचित धन प्रभार उरतो. हे भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुचोव्स्कींनी १९४१ साली मांडलं होतं. पाण्याचा रेणू ऑक्सिजनच्या बाजूने धातूला धरतो, म्हणून ही कड त्याला सोयीची.

रोजचं काम ठरलेलं. आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पृष्ठभाग खरवडायचा, ऑक्सिजनमध्ये तापवून कार्बन जाळायचा, मग १२०० केल्विनच्या आसपास तापवून अणू पुन्हा जागेवर बसू द्यायचे. द्रव नायट्रोजनने क्रिस्टल १०० केल्विनपर्यंत थंड करायचा आणि पाण्याची वाफ अगदी थोडी सोडायची. शेवटी सेकंदाला एक केल्विन या वेगाने तापवत मास स्पेक्ट्रोमीटरकडे, म्हणजे उडालेले रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्राकडे, बघत बसायचं. ही टीपीडी (टेम्परेचर प्रोग्रॅम्ड डिसॉर्प्शन) : कुठल्या तापमानाला किती पाणी उडतं याचा आलेख मिळतो, आणि जिथे सर्वात जास्त उडतं तिथे शिखर दिसतं. आम्ही बऱ्याचदा जड पाणी (जड हायड्रोजनचं, वस्तुमान २०) वापरायचो, कारण वस्तुमान १८ वर चेंबरमधलं उरलंसुरलं साधं पाणी गोंधळ घालतं. २० वर शांतता असते.

सपाट प्लॅटिनमवरून पाण्याचा पहिला थर १७० केल्विनच्या सुमारास उडतो. पायऱ्यांवरचं पाणी त्याहून घट्ट, त्याचं शिखर १८८ केल्विनजवळ यायला हवं. माझ्याकडे ते कधी ठळक यायचं, कधी शेजारच्या शिखराच्या उतारावर नुसता खांदा. कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड. इतक्या निर्वातातही तो थोडा उरतोच, आणि त्यालाही पायरीच आवडते. क्रिस्टल थंड व्हायला जी काही मिनिटं लागतात तेवढ्यात तो कडेवर जाऊन बसायचा. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, अगदी तसं! पाणी पोचेपर्यंत सीट गेलेली. पृष्ठभागावरचे चौथाई अणूच पायरीवर असल्यामुळे थोडासा कार्बन मोनॉक्साइडही पुरतो. मग प्रत्येक वेळी वाफ सोडण्याच्या जरा आधी ६०० केल्विनपर्यंत झटकन तापवायचं, थंड करायचं आणि लगेच मोजायचं, असा क्रम बसला.

त्यानंतरचे आलेख बघण्यात खरी मजा होती. अगदी थोडं पाणी दिलं तर फक्त १८८चं शिखर. डोस वाढवत गेलं की ते एका उंचीला थांबतं आणि १७०चं डोकं वर काढतं. तेही भरलं की १५० च्या आसपास बर्फाच्या थरांचं शिखर येतं, आणि ते वाढतच राहतं. म्हणजे आधी पायरी, मग सपाटी, मग पाण्यावर पाणी.

पाठ्यपुस्तकांत धातूवरच्या पाण्याचं जे नीटनेटकं षटकोनी जाळं काढतात, त्यावरचा माझा विश्वास मात्र आता उडाला आहे. तांब्याच्या (११०) पृष्ठभागावर पंचकोनांच्या साखळ्या असल्याचं २००९ साली दाखवलं गेलं, आणि सपाट प्लॅटिनमवरही पंचकोन, षटकोन, सप्तकोन एकत्र नांदतात. चार अणूंच्या अरुंद सपाटीवर षटकोनांनी शिस्तीत बसावं अशी अपेक्षाच का धरायची?

स्वच्छ प्लॅटिनमवर पाणी तुटत नाही, पायरीवरसुद्धा अख्खंच राहतं. पण आधी थोडा ऑक्सिजन बसवला तर हायड्रॉक्सिल (OH) तयार होतं आणि पाणी २०० केल्विनच्याही पुढे टिकतं. फ्यूएल सेलवाल्यांना (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्यांना) रस आहे तो त्यात. सध्या माझं तेच चालू आहे.