पॉज कुणाचा?

शनिवार, रात्री उशिरा

सकाळी मढला मालिकेचं शूट, रात्री पार्ल्यात दीनानाथला प्रयोग. मधले दोन तास मार्वे रोडने खाल्ले.

सकाळचा सीन रिपोर्ट वाचणाऱ्या आईचा. मास्टर झाला, म्हणजे अख्खा सीन एका मोठ्या शॉटमध्ये, मग समोरच्या ज्येष्ठ बाईंचा क्लोज, नुसत्या चेहऱ्याचा. माझा क्लोज लागेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या. क्यू, म्हणजे त्यांची वाक्यं, दिले असिस्टंट पोराने, बाजारातली यादी वाचावी तसे. नजर कुठे, तर स्टँडवर चिकटवलेल्या टेपकडे. शिवाय ग्लास मास्टरमध्ये ‘डॉक्टर’ या शब्दावर खाली ठेवलेला, म्हणजे आता शॉट जुळावेत म्हणून प्रत्येक टेकला त्याच शब्दावर ठेवायचा. एवढं सांभाळून रडू खरं यायला हवं. मालिकेतल्या कामाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

रात्री उलटं. पहिल्या अंकातल्या वाक्यावर पार्ल्याचे प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसले. लाफ्टर संपायची वाट बघितली तर प्रवेश बसतो, त्यात घुसलं तर पुढचं वाक्य वाया. तो उतरायला लागला की बोलायचं. हे तालमीत नाही शिकता येत, तिथे हसायला असतं कोण?

अभिनय ‘नाटकात मोठा, कॅमेऱ्यासमोर लहान’ असं सगळे सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. रंगमंचावर पॉज माझा असतो, कॅमेऱ्यापुढे संकलकाचा. म्हणून वाक्य संपलं तरी मी डोळे हलवत नाही, त्याला कापायला जागा राहू देते. ठेवेल, न ठेवेल, त्याची मर्जी.

सुलभा देशपांडे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली नायिका बेणारे 1967 मध्ये रंगभूमीवर केली आणि 1971 च्या सत्यदेव दुबेंच्या चित्रपटातही. तेच शेवटचं लांबलचक स्वगत. एकदा काळ स्वतःच्या हातात, एकदा दुसऱ्याच्या. बाई तीच! पाठांतर झालेलं असताना ते पुन्हा पहिल्यांदा सुचल्यासारखं कसं बोलल्या असतील, हे त्यांना विचारायला हवं होतं.

उद्या दुपारी शिवाजी मंदिर. दुसऱ्या अंकातला पॉज एका श्वासाने कमी करून बघणार आहे. प्रकाशयोजनेवाल्या दादाला आधी सांगायला हवं, त्याचा फेड, म्हणजे प्रकाश हळूहळू बदलणं, त्याच श्वासावर आहे.