शूल्झच्या ड्रोहोबिचमध्ये

युक्रेनमधल्या ल्विव्हहून ड्रोहोबिचला मार्शरुत्का जाते, म्हणजे आपल्या वडापसारखीच भरली की सुटणारी मिनीबस. रशिया-युक्रेन युद्धाच्या आधी मी गेलो, तो शूल्झवरच्या एका माहितीपटामुळे. बेन्यामिन गाइस्लर या जर्मन दिग्दर्शकाचा 2002 सालचा ‘बिल्डर फिंडेन’, म्हणजे ‘चित्रं सापडणं’.

लेखक ब्रूनो शूल्झ 1892 मध्ये इथेच जन्मला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, मग पोलंडमध्ये गेलं, आता युक्रेनमध्ये आहे. सरहद्दी सरकत राहिल्या, हा मात्र गाव सोडून फारसा कुठे गेला नाही. शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायचा आणि पोलिशमध्ये कथा लिहायचा. वडिलांचं कापडाचं दुकान बाजारचौकात होतं. ते घर आज नाही, पण चौकातून स्त्रिइस्का रस्त्याला लागलं की त्याच्या कथेतली मगरींची गल्ली हीच, असं जाणकार सांगतात. मला तो रस्ता अगदी साधा वाटला. एवढ्याशा रस्त्यातून त्याने केवढं जग उभं केलं!

नाझींच्या काळात फेलिक्स लांडाऊ या गेस्टापो अधिकाऱ्याने आपल्या मुलाच्या खोलीच्या भिंतींवर शूल्झकडून परीकथांची चित्रं काढून घेतली. ज्यू शूल्झचा जीव त्या कामावर तगून होता. 19 नोव्हेंबर 1942 ला दुसऱ्या एका गेस्टापो अधिकाऱ्याने त्याला भररस्त्यात गोळी घातली. चित्रं नंतरच्या रंगाखाली गेली. गाइस्लरला ती फेब्रुवारी 2001 मध्ये सापडली तेव्हा ती खोली एका वृद्ध जोडप्याची कोठीची खोली झाली होती. सामानाच्या फळ्यांमागून एकेक चेहरा वर येतो, तो प्रसंग बघताना मी पुढे सरकून बसलो होतो.

त्याच वर्षी मे महिन्यात याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेच्या माणसांनी काही तुकडे काढून जेरुसलेमला नेले. त्यावरून मोठा वाद झाला. उरलेले तुकडे गावच्या संग्रहालयात आहेत. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभा होतो. रंग विटलेत, गिलाव्याच्या कडा तुटक्या आहेत, तरी रेघ जिवंत आहे. त्या खोलीतल्या चित्रांत घोडागाडी हाकणाऱ्या गाडीवानाला शूल्झने स्वतःचा चेहरा दिला होता, आणि ज्यूंना तर तेव्हा गाडीत बसायचीही बंदी होती.

तुकडे नेणाऱ्यांची बाजू मला कळते. ज्यू म्हणून मारलेल्या माणसाची आठवण त्यांना जपायची होती. पण या गावाबाहेर ज्याला करमलंच नाही, त्याची शेवटची चित्रं अशी दोन देशांत वाटली जायला नको होती. ती इथेच, त्याच भिंतीवर राहायला हवी होती.