बोल्डनच्या फोटोत डावरा कोण?

न्यू ऑर्लीन्सला आम्ही तीन दिवस होतो. त्यातल्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ह्यूस्टनहून बहिणीच्या गाडीने गेलो, पिठीसाखरेत बुडवलेले बेन्ये खाल्ले, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्यांचे फोटो काढले. बर्बन स्ट्रीटवर संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नव्हती. दर दुसऱ्या दारातून रॉकची तीच ती गाणी कानावर आदळत होती. जॅझच्या गावात येऊन हेच ऐकायचं, याचा मला खरंच राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला म्हटलं, तुम्ही खरेदीला जा, मी स्मशानात जाते.

"सुट्टीत? स्मशानात?"

"बडी बोल्डनकडे."

बोल्डन म्हणजे ज्याच्यापासून जॅझ सुरू झालं असं मानतात तो वादक. बहिणीने फक्त पाण्याची बाटली हातात दिली. ती फार कामाला आली. त्या गावची दमट उकाड्याची सकाळ मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देते.

कॅनॉल स्ट्रीटची लाल ट्राम शेवटपर्यंत गेली की उतरायचं. आजूबाजूला स्मशानंच स्मशानं आहेत. जमिनीच्या वर बांधलेल्या पांढऱ्या, संगमरवरी कबरी, जणू छोटे बंगलेच. पर्यटक तिथेच थांबतात. होल्ट सेमेटरी तिथून थोडं चालून गेल्यावर, एका कॉलेजच्या मागच्या अंगाला आहे. हे गरिबांचं स्मशान. इथे माणसं मातीतच पुरतात. वरची खूण घरच्यांनीच करायची, म्हणून कुठे लाकडी चौकट, कुठे हाताने रंगवलेली पाटी, कुठे प्लास्टिकची फुलं, कुठे लहान मुलाचं खेळणं. मोठाल्या ओक झाडांखाली ते सगळं पाहताना मला त्या संगमरवरी बंगल्यांपेक्षा इथेच माणसं जास्त जवळची वाटली.

बोल्डन इथे आहे, पण नक्की कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. या स्मशानात जागा पुन्हा पुन्हा वापरल्या जातात आणि त्याच्या जागेवर खूण नव्हती. १९९८मध्ये एक स्मारकाचा दगड बसवला, तोही अंदाजानेच.

चार्ल्स 'बडी' बोल्डन १८७७ साली जन्मला. कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड, गुबगुबीत भाऊ. १९००च्या आसपास या गावात त्याच्या बँडइतकी मागणी कुणालाच नव्हती. ब्लूज, चर्चमधली गाणी आणि नाचाचं संगीत त्याने ज्या रीतीने एकत्र केलं, त्यातून पुढे जॅझ निघालं असं जुने वादक सांगत. १९०६मध्ये त्याचं डोकं बिघडू लागलं, १९०७मध्ये त्याला जॅक्सन गावच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९३१मध्ये तो तिथेच गेला.

मला पिळवटून टाकतात ती मधली चोवीस वर्षं. १९१७मध्ये न्यू ऑर्लीन्सच्याच पाच गोऱ्या वादकांनी जॅझची पहिली रेकॉर्ड काढली, तेव्हा बोल्डन जिवंत होता. १९२३मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडने तरुण लुई आर्मस्ट्राँगला घेऊन रेकॉर्डिंग केलं, तेव्हाही तो जिवंत होता. त्याचा एक सूरही कुठे उरलेला नाही.

मी पोचले तेव्हा दगडापाशी दोघं आधीच होती. एक सत्तरीचे कृष्णवर्णीय काका, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर हॅट. दुसरी साधारण त्यांच्याच वयाची डच बाई, निवृत्त शिक्षिका, दरवर्षी इथे येणारी. काकांनी मला "ये बेबी, सावलीत ये" म्हणून बोलावलं. इथे अनोळखी बाईलाही बेबी म्हणतात आणि त्यात निव्वळ माया असते. दोघांचं भांडण चालू होतं. विषय होता फोटो.

बोल्डनच्या बँडचा एकच फोटो उपलब्ध आहे. सहा जण: चार उभे, दोन बसलेले. बाईंच्या पिशवीत त्याच्या दोन प्रती होत्या, एकमेकींच्या आरशातल्या. दोन्ही तऱ्हांनी तो छापला गेलाय आणि मूळ फोटो हरवलाय. एका तऱ्हेने पाहिलं तर बासवाला (बास म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) आणि गिटारवाला दोघंही डावरे ठरतात. उलटा केला तर ते सरळ होतात, पण क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकीचे पडतात.

"सहा जणांत दोन डावरे?" बाई म्हणाल्या. "शक्यच नाही."

"क्लॅरिनेटवाल्याला फोटोपुरतं कसंही धरता येतं," काका म्हणाले. "फोटोवाल्याने सांगितलं असेल. बासवाल्याला मात्र वाद्य धरायची एकच सवय असते."

"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय!"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. मी जिमी जॉन्सनच्या बाजूने आहे."

जिमी जॉन्सन म्हणजे फोटोतला बासवाला. त्याला जाऊनही कितीतरी दशकं झाली, पण काकांनी नाव असं घेतलं की तो वरच्या आळीत राहत असावा.

मग गाडी नळकांड्यावर आली. फोटोतलाच ट्रॉम्बोनवाला विली कॉर्निश याने म्हातारपणी सांगितलं होतं की बँडने एकदा मेणाच्या नळकांड्यावर, म्हणजे तबकडीच्या आधीच्या तऱ्हेने, रेकॉर्डिंग केलं होतं. संग्राहक तेव्हापासून ते शोधताहेत. बाईंना अजून आशा आहे. काकांना नाही. मेण मऊ, दर वेळी वाजवलं की झिजतं. वर या गावची हवा, बुरशीने ते कधीच खाऊन टाकलं असेल. "आणि सापडलं तरी दोन मिनिटं खरखर," ते म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले. "दोन मिनिटं पुरे आहेत मला."

मला राहवलं नाही. म्हटलं, आमच्याकडेही असा एक आहे.

भास्करबुवा बखल्यांबद्दल सांगू लागले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला माणूस. १९११मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला, बालगंधर्वांचे गुरू, 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या. हिंदुस्थानात रेकॉर्डिंग सुरू झालं १९०२मध्ये, बुवा गेले १९२२मध्ये. वीस वर्षं मध्ये होती, आणि त्यांचा आवाज कुठेही नाही.

काकांनी विचारलं, "मग तुम्ही लोक भांडता कशावर?"

किती नेमका प्रश्न! माझ्या आजोबांकडे सदाशिव पेठेत रविवारी एक स्नेही यायचे. बुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्या लागायच्या. एखादी हरकत, सुरांची छोटीशी नक्षी, आली की स्नेही मांडीवर हात मारायचे, "ही जागा बुवांची!" आजोबा ताडकन म्हणायचे, "छे! ही मास्तरांची स्वतःची." दोघांपैकी कुणीच बुवांना ऐकलेलं नव्हतं. चहा गार व्हायचा. लहानपणी मला ते मोठ्या माणसांचं खुळ वाटायचं. 'जागा' म्हणजे गाण्यातलं एखादं खास वळण, हे काकांना समजावताना मी तीनदा अडखळले, शेवटी गाऊनच दाखवलं. त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली.

"आमच्याकडे हे काम बंक जॉन्सनने केलं," ते म्हणाले.

बाई लगेच उसळल्या. बंक जॉन्सन ट्रम्पेटवाला. आपण बोल्डनबरोबर वाजवलं असं सांगायचा आणि ते जमावं म्हणून त्याने आपलं वय बरंच वाढवून सांगितलं असं अभ्यासक मानतात. पण १९४०च्या दशकात बोल्डन कसा वाजवायचा ते त्याने शिट्टीवर करून दाखवलं आणि ते रेकॉर्ड झालंय.

"खोटारड्याची शिट्टी," बाई म्हणाल्या.

"खोटं बोलणाऱ्याचा कान खोटा असतो असं नाही," काका म्हणाले. मग त्यांनी ओठ ओले केले आणि ती शिट्टी वाजवली.

छोटंसं वळणदार वाक्य, मध्येच जरासा थांबा, मग खाली उतरत येणारे चार सूर, शेवटचा किंचित ओढलेला. बोल्डन, त्याच्यावरून बंक, त्याच्यावरून हे काका. ओकच्या झाडाखाली माझ्या अंगावर काटा आला. मी ट्रामची वेळ विसरले, बहिणीचे दोन फोन घेतले नाहीत.

"नाही, नाही," डच बाईंनी हात वर केला. "तिसऱ्या वळणाला तो असा खाली येत नाही." आणि त्यांनी स्वतः शिट्टी वाजवून दाखवली.

"तुमची रेकॉर्ड जास्त वेगाने फिरते," काका म्हणाले.

"माझी बरोबर फिरते!"

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बेबी, तू सांग. खाली आला की नाही?"

मी म्हटलं, दोघांनी पुन्हा एकदा वाजवा.