दाबोळीची विमाने आणि आमची तीन रंगांची वही

आम्ही संगणकावर केलेल्या पहिल्या युद्धविमानाचा प्रोपेलर उलटा फिरत होता. विमान होते फेअरी फायरफ्लाय. काम परदेशातल्या एका सिम्युलेटर संघाचे, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ तयार करणाऱ्यांचे. मॉडेल दिसायला देखणे झाले होते, रंग छान बसला होता, आणि फोंड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही पेढेही वाटले होते. चौथ्या दिवशी मॉडेल परत आले. सोबत एकच ओळ होती : हे ग्रिफन इंजिन आहे, मर्लिन नव्हे.

रोल्स-रॉइसची ही दोन्ही इंजिने बारा सिलिंडरांची, पण कॉकपिटमधून पाहिले तर मर्लिनचा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि ग्रिफनचा उलट. त्यामुळे उड्डाणासाठी धावताना मर्लिनचे विमान डावीकडे ओढ घेते आणि ग्रिफनचे उजवीकडे. आम्ही स्पिटफायरच्या मर्लिनची माहिती तशीच उचलली होती. पात्यांचा पीळ चुकला आणि त्याबरोबर धावपट्टीवरची ओढही चुकली. अशा विमानावर सराव करणारा माणूस चुकीचा पाय दाबायला शिकला असता. सगळ्यात जास्त लागले ते हे की खरेखुरे फायरफ्लाय आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल उड्डाण संग्रहालयात उभे होते. नौदलाने १९५०च्या दशकात कोचीला, नेमबाजीच्या सरावासाठी मागे लक्ष्य ओढून न्यायला वापरलेले हे विमान. त्याची पाती नुसती डोळ्यांनी पाहिली असती तरी पुरे होते.

त्या आठवड्यात मी आणि माझा चुलतभाऊ संग्रहालयात गेलो, आणि आमचा धंदा खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला असे मी मानते.

त्याआधी आम्ही मोबाइल गेमसाठी गाड्या, होड्या, घरे, जे मिळेल ते करत होतो. भाऊ फर्मागुडीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला, मी चित्रकलेच्या वाटेने आलेली. विमानांचे वेड मात्र माझ्याकडे आजीकडून आले. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी ती दाबोळीजवळच्या चिखलीला माहेरी होती. गोवामुक्तीच्या कारवाईत पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी त्या दिवशी दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. ‘आवाज कळायच्या आधी जमीन हलली’ एवढेच ती सांगायची. त्या हल्ल्यात धावपट्टी निकामी करायची पण टर्मिनल आणि कंट्रोल टॉवरला धक्का लावायचा नाही अशी आज्ञा होती, हे मी कितीतरी वर्षांनी वाचले. आणि हेही की, रात्रीतून धावपट्टीचा काही भाग कसाबसा बुजवून पोर्तुगिजांचे सुपर कॉन्स्टेलेशन हे एक प्रवासी विमान तिथून निसटले. संग्रहालयात दिसणारे सुपर कॉन्स्टेलेशन ते नव्हे. हे एअर इंडियाकडून वायुदलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेले. पाहुण्यांना आम्ही अजूनही हे आवर्जून सांगतो.

संग्रहालय १९९८पासून आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, व्हॅम्पायर, सीलँड अशी विमाने उघड्यावर उभी आहेत आणि पलीकडे आयएनएस हंसा या नौदलाच्या तळाच्या धावपट्टीवरून आजची लढाऊ विमाने उठतात. तिकडे कॅमेरा वळवायचा नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला. आवारातल्या विमानांचे मात्र हजारो फोटो काढले. एकमेकांवर थोडे थोडे चढणारे फोटो सगळ्या बाजूंनी घेतले की संगणक त्यांतून आकार उभा करतो. फोटोत एक मोजपट्टी ठेवली की मापही मिळते.

इथे गोव्याच्या हवेने आम्हाला धडा दिला. मे महिन्यातल्या उन्हात काढलेले फोटो वाया गेले, कारण पंखाची काळी सावली संगणकाला विमानाचाच भाग वाटली. भर पावसात पत्रा ओला होऊन चमकतो, तेही चालत नाही. जूनमध्ये पहिली सर पडून गेल्यावर आभाळ भरलेले पण पत्रा कोरडा, अशा दोन-तीन सकाळी मिळतात. आम्ही वर्षभर त्या सकाळींची वाट पाहतो. हवामानाचा अंदाज आला की घरातली सगळी कामे बाजूला पडतात.

पण उभे विमान पूर्ण खरे बोलत नाही, हे कळायला आणखी एक वर्ष गेले. वर्षानुवर्षे जमिनीवर राहिलेल्या विमानाचे शॉक अब्सॉर्बर बसतात, म्हणून ते उडत्या काळात जितके उंच उभे राहायचे तितके आता राहत नाही. खाऱ्या वाऱ्यामुळे पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो, आणि नवा रंग जुन्या छटेचा असेलच असे नाही. म्हणून सी हॉकच्या वरच्या अंगाचा गडद राखाडी रंग आम्ही विमानावरून घेतला नाही. ब्रिटिश मानक रंगपत्रिकेतला ६४० क्रमांक घेतला, खालच्या फिक्या रंगासाठी २१०, आणि त्यावर उन्हाचा परिणाम वेगळा चढवला.

तेव्हापासून प्रत्येक विमानाची एक वही असते. प्रत्यक्ष विमानावर आम्ही मोजलेले काळ्या शाईत. वैमानिकांसाठी छापलेल्या जुन्या पुस्तिकांतून घेतलेले निळ्या शाईत. आणि अंदाज लाल शाईत. लाल ओळ असलेला भाग ग्राहकाला देताना तो अंदाज आहे हे लिहून देतो. सुरुवातीला भावाला भीती वाटायची की असे लिहिले तर कामे जातील. एक-दोन गेलीही. जी राहिली ती टिकली.

सी हॉक आम्ही स्वतःच्या पैशाने केले. कोणी मागितले नव्हते. १९६१मध्ये विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात आली तेव्हापासून १९८३मध्ये सी हॅरियरने जागा घेईपर्यंत या विमानाने आपल्या नौदलाची सेवा केली, आणि जगातल्या सिम्युलेटरांत ते आले तर आपल्या तिरंगी वर्तुळासह यावे असे मला मनापासून वाटत होते.

हे विमान समजून घेण्यातच आमचे दीड वर्ष गेले. नीन हे त्याचे एकच जेट इंजिन विमानाच्या पोटात आहे, पण धूर शेपटीतून निघत नाही. झोताची नळी दोन भागांत फुटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर येते. त्यामुळे मागच्या भागात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. म्हणजे इंजिनाच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे इंधन. ते कोणत्या क्रमाने संपते यावर विमानाचा तोल ठरतो. भावाने नुसत्या त्या तोलाच्या कोष्टकावर कित्येक रात्री काढल्या.

आणि मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा. त्या पिढीचे जेट इंजिन थ्रॉटल पुढे ढकलला म्हणून लगेच जोर देत नाही, ते सावकाश वेग घेते. विमानवाहू नौकेवर उतरताना वैमानिकाने इंजिन मंद केले आणि उंची घटली, तर मग हात कितीही पुढे गेला तरी उशीर झालेला असतो. आमची पहिली आवृत्ती खेळून पाहणाऱ्या अनेकांनी लिहिले की इंजिन सुस्त आहे, दुरुस्त करा. आम्ही केले नाही. त्याऐवजी प्रशिक्षणाचा एक धडा जोडला : डेकवर येताना जोर वरच ठेवा, उतरणीचा वेग विमानाच्या नाकाने आणि एअरब्रेकने सांभाळा.

तोफांचेही तसेच. २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो, प्रत्येकीला २०० गोळ्या. मिनिटाला ७५० गोळ्यांचा वेग धरला तर चाप दाबून ठेवल्यावर १६ सेकंदांत सगळे संपते. एवढी मोजकी शिदोरी घेऊन माणसे गेली होती हे खेळणाऱ्याच्या हाताला कळावे, म्हणून आम्ही ‘अमर्याद गोळ्या’ हा पर्याय युद्धाच्या प्रसंगांत ठेवलाच नाही.

त्या प्रसंगांतला मुख्य आहे १९७१च्या युद्धातला, ४ डिसेंबरचा, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवरचा हल्ला. विक्रांतवरून उडणाऱ्या सी हॉकच्या ३०० स्क्वाड्रनचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्याकडे होते. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेल्यामुळे नौकेचा वेग मर्यादित होता. कॅटापल्टवरून, म्हणजे डेकवरच्या झटका देणाऱ्या यंत्राने, विमान फेकताना समोरून जितका वारा मिळेल तितके बरे, आणि तो वारा नौकेच्या वेगातूनच बराचसा मिळतो. म्हणून आमच्या प्रसंगात नौका पूर्ण वेगाने पळत नाही.

हे सारे आम्हाला शिकवणारे काका चिखलीत राहतात. नौदलात ते विमानांचे आर्टिफिसर, म्हणजे तंत्रज्ञ, होते, त्यांचे हात सी हॉकला लागलेले. पहिल्यांदा त्यांच्या पडवीत लॅपटॉप उघडून मी मॉडेल फिरवून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग पंखाच्या घडीच्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘तें अशें न्हय गो बाय.’ पंख दुमडताना कुलूप कसे सुटते, हाताला काय जाणवते, कुठले झाकण आधी उघडायचे, हे त्यांनी पेन्सिलीने काढून दिले. ती चित्रे वहीत कुठल्या शाईची मानायची यावर आमच्यात वाद झाला. शेवटी त्यांच्यासाठी चौथा रंग आणला, हिरवा.

धंद्याच्या बाजूचे थोडक्यात सांगते. एका परदेशी प्रकाशकाने पूर्ण काम घेऊन शेवटचा हप्ता दिला नाही. त्या वर्षी गणेशचवथीच्या आधी मला आमच्याकडे कामाला असलेल्या तिघा मुलांचे पगार देता आले नाहीत, आणि त्यातला एकजण गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला आमच्याच घरी आला, ते मी विसरलेले नाही. आता मूळ फाइल्स पैसे जमा झाल्यावरच हातातून सुटतात, आणि कराराचा मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही होत नाही. आज आम्ही सहाजण आहोत. सी हॉकने घातलेले पैसे सावकाश, पण पूर्ण परत केले.

सध्या टेबलावर अलिझे आहे, पाणबुड्या शोधणारे, ब्रेगे या फ्रेंच कंपनीचे तीन माणसांचे विमान. त्याच्या पोटातला रडारचा घुमट खाली उतरतो आणि वर जातो, आणि चाके पंखांवरच्या फुगीर कोठ्यांत दुमडतात. संग्रहालयात कोठीच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे अलिझेच्या वहीत लाल ओळी भरपूर आहेत. काकांनी काम केले ते सी हॉकवर, अलिझेवर नाही, आणि ते स्वतःच म्हणतात की न पाहिलेले मी सांगणार नाही.

वास्को, चिखली, दाबोळी, मुरगाव भागात हंसामध्ये नोकरी केलेल्यांची कितीतरी घरे आहेत. कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत अलिझेजवळ उभे राहून काढलेला फोटो असेल, तर माणसांच्या मागे दिसणारा चाकाचा खळगा आम्हाला हवा आहे. फोटो घराबाहेर नेणार नाही, स्कॅनर घेऊन आम्हीच येऊ.