सीआरपीचा आकडा आणि बाबांच्या शर्टाचं बटण

बाबांना छोटा स्ट्रोक येऊन गेला त्याला आता तीन महिने होतील. छोटा म्हणजे एमआरआयमध्ये मेंदूच्या आत खोलवर एक ठिपका, 15 मिलिमीटरपेक्षाही लहान, एखादी अगदी बारीक रक्तवाहिनी बंद पडली की होतो तो, डॉक्टर त्याला लॅक्युनर म्हणतात. बोलणं, समजणं, चेहरा सगळं नीट, फक्त उजवा हात ऐकेना. शर्टाचं एक बटण लावायला पहिल्या आठवड्यात चार चार मिनिटं लागायची, बोटांतून बटण निसटायचं, परत पकडायचे, परत निसटायचं, आणि मी मदतीला हात पुढे केला की बाबा तोंड फिरवून घ्यायचे.

मला ते बघवायचं नाही आणि मग मी रिपोर्टमधल्या सीआरपीला, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या आकड्याला, धरून बसले. वाचलं होतं की स्ट्रोकनंतर रक्तात सीआरपी, आयएल-6 असे सूज दाखवणारे मार्कर जास्त असले तर रिकव्हरी कमी होते आणि लॅक्युनर स्ट्रोक झालेल्यांमध्येही सीआरपी जास्त असणाऱ्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. हे खरंच आहे, पण ते पेशंटच्या मोठ्या गटांबद्दल खरं आहे. समोरच्या एका माणसाचं वय काय आणि झटका किती मोठा होता हे कळलं की त्यावर या आकड्याने अंदाजात फारशी भर पडत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

डिस्चार्जच्या वेळी सीआरपी 4 होता. तिसऱ्या आठवड्यात मीच हट्ट करून परत टेस्ट करायला लावली तर 19! रात्रभर झोप नाही, मेंदूत परत काहीतरी होतंय हेच डोक्यात. सकाळी डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी एमआरआयला हातसुद्धा लावला नाही, आधी विचारलं खोकला आहे का, ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, आणि मग टॉर्च घेऊन बाबांना तोंड उघडायला सांगितलं. मागच्या दाढेपाशी हिरडी लाल होऊन सुजलेली. कमजोर हाताने ब्रश मागपर्यंत पोचतच नव्हता, आणि बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी आकडे बघत होते आणि त्यांचं तोंड बघितलंच नव्हतं, याचं मला खूप वाईट वाटलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं की सीआरपी मेंदूत तयार होत नाही, लिव्हरमध्ये होतो, आयएल-6 या सूज आल्याचा निरोप देणाऱ्या प्रथिनाने इशारा दिला की लिव्हर तो रक्तात सोडतं, मग सूज फुप्फुसात असो, हिरडीत असो की रक्तवाहिनीत. शरीरात कुठेतरी सूज आहे एवढंच तो सांगतो, कुठे ते नाही. कारण गेलं की आकडाही पटकन उतरतो, साधारण 19 तासांत निम्मा. दाताचे उपचार झाल्यावर दहा दिवसांनी 3 आला.

मी विचारलंच, की सूज कमी करायची गोळी द्या ना मग. तर डॉक्टर म्हणाले, गाउटसाठी (सांधे सुजण्याचा आजार) देतात ती कोल्चिसिन छोट्या स्ट्रोकमध्ये देऊन बघितली आहे, 2024 मध्ये निकाल आला, 8,000 पेक्षा जास्त पेशंट, सगळ्यांचा सीआरपी 2 किंवा त्याहून जास्त, आणि तरी 90 दिवसांत नवे स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बीपी वरचं 130 च्या आत ठेवा, रक्त पातळ करणारी गोळी एकही दिवस चुकवू नका, फिजिओ रोज करा, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

आता वहीत सीआरपीचा रकाना नाही. सकाळ-संध्याकाळचं बीपी आहे, गोळ्यांच्या खुणा आहेत, मागच्या दाढेपर्यंत ब्रश झाला का ते आहे (जाड मुठीचा ब्रश आणलाय, तो बरा पडतो) आणि बटणाची वेळ आहे. काल मधलं बटण 35 सेकंदांत लागलं. कॉलरचं अजून लागत नाही, ते बाबा स्वतःच मला लावायला सांगतात आता, मान जराशी वर करून.