कोबे: कितानोचा चढ आणि विलायती घरं

जपानमधल्या कोबे शहराचं नाव काढलं की लोक बीफचं विचारतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे सान्नोमिया स्टेशनवरून थेट कितानो या चढावरच्या जुन्या वस्तीची वाट धरली. कितानोझाका हा सरळ चढ आहे, पंधरा-वीस मिनिटांचा. वाट चुकायची भीती नाही: डोंगर उत्तरेला, समुद्र दक्षिणेला. वर गल्ल्या अरुंद आणि पायऱ्या पुष्कळ, म्हणून बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्येच टाका. गुडघे कुरकुरत असतील तर सिटी लूप बस आहे.

१८६८मध्ये बंदर खुलं झालं, तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांची वसाहत खाली किनाऱ्यालगत होती. तिथे जागा पुरेना, तशी मंडळी या उतारावर सरकली. त्यांची ही घरं म्हणजे 'इजिनकान'. १९०९चं लाल विटांचं, शिखरावर वातकुक्कुट असलेलं घर एका जर्मन व्यापाऱ्याचं. जवळच १९०३चं फिकट हिरवं लाकडी घर, अमेरिकन कॉन्सुल जनरलचं. १९९५च्या भूकंपात त्याची विटांची धुराडी कोसळली. ती बागेत तशीच जपून ठेवली आहे. दिवाणखान्यांपेक्षा मी तिच्याजवळ जास्त रेंगाळलो.

प्रत्येक घराचं तिकीट वेगळं. ही दोन पाहा, बाकीची बाहेरूनच बरी. तिसऱ्या घरापासून तेच झुंबर, तीच फायरप्लेस वाटू लागते. जुनी घरं डागडुजीसाठी महिनोन्‌महिने बंदही असतात, निघण्याआधी तपासा. लाल घराशेजारच्या कितानो तेनमान देवळाच्या पायऱ्या मात्र चढाच. तिकीट नाही, आणि शहर पार बंदरापर्यंत दिसतं.

वाचलेला वेळ खालच्या गल्ल्यांना द्या. तिथे पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर आहे, १९८५चं; मोत्यांच्या व्यापारासाठी इथे स्थिरावलेल्या गुजराती जैनांचा त्यात मोठा वाटा. थोडं पुढे १९३५ची मशीद, जपानमधली पहिली. तिच्या वर्गणीतही भारतीय व्यापारी होते. १९४५चे बॉम्बहल्ले आणि १९९५चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली. आत जायचं तर अंगभर कपडे हवेत आणि नमाजाची वेळ टाळायला हवी.

भारतीय माणसं इथे एवढी कशी, याचं एक उत्तर मुंबईत आहे. जमशेटजी टाटांच्या साथीने निप्पोन युसेन कंपनीने १८९३मध्ये मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली, मुख्यतः कापसासाठी. पाठोपाठ व्यापारीही आले.

जेवणाची चिंता नको, या भागात भारतीय हॉटेलं सापडतात. शाकाहारी असाल तर 'मासा नको, माशाचं दाशी (रश्शात घालतात तो अर्क) हेही नको' हे जपानीत लिहून जवळ ठेवा. शनिवार-रविवारी गर्दी फार, सकाळी लवकर पोचा. पायांत दम उरला तर शिन-कोबे स्टेशनच्या मागे नुनोबिकी धबधबा आहे, तोही चढाचाच.