व्हीएम हलवण्याचं अर्धं काम जुन्या होस्टवरच उरकायचं असतं

एका सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं होस्टवर बसणारं, फुकट मिळणारं ईएसएक्सआय बंद झालं. २०२५ मध्ये ते परत आलं खरं, पण तोवर ज्यांचं सगळं काम एक-दोन सर्व्हरवर चालतं अशा बऱ्याच जणांनी प्रॉक्समॉक्स या तेच काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली होती. इथे जे लिहिलंय ते याच प्रवासाबद्दल आहे: ईएसएक्सआयवरची व्हीएम प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे त्याच्या आतल्या केव्हीएम या लिनक्सच्या व्हीएम-यंत्रणेवर न्यायची. व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्हीवरून येणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. ईएसएक्सआयच्या व्हीएमडीके या डिस्क फाइलच्या जागी व्हीडीआय किंवा व्हीएचडीएक्स फाइल असेल, इतकंच.

डिस्कची फाइल इकडून तिकडे नेणं सोपं आहे. अडतं ते गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आत. विंडोज किंवा लिनक्स इन्स्टॉल होताना त्याने समोरचा डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, फर्मवेअर आणि घड्याळ बघून स्वतःची मांडणी केलेली असते. नव्या होस्टवर यातलं सगळंच बदलतं. मशीन जुन्या जागी नीट चालू आहे तोवरच ही मांडणी सैल करून घेतली, तर पलीकडे गेल्यावर फारसं काही उरत नाही. उलट केलं, तर बूट न होणाऱ्या मशीनच्या आत शिरून दुरुस्ती करत बसावं लागतं.

बंद करण्याआधी

पहिली गोष्ट, बूट जुन्या बायोस फर्मवेअरवरून होतं की नव्या यूईएफआयवरून ते बघा. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडलं की 'बायोस मोड' या ओळीत लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं दिसतं. लिनक्समध्ये सिसच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर जुना बायोस. प्रॉक्समॉक्सवर यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ आणि बायोससाठी सीबायोस निवडायचं. ही निवड चुकली की डिस्क शाबूत असूनही 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही' असाच निरोप येतो आणि माणूस उगाच कॉपी पुन्हा करायला घेतो.

स्नॅपशॉट सगळे काढून टाका. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचे बदल ०००००१ अशा आकड्याच्या वेगळ्या फाइलमध्ये जातात. फक्त मूळ फाइल उचलून नेली, तर स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाची व्हीएम हाती येते, आजची नाही. ती व्यवस्थित बूट होते, म्हणून चूक लगेच लक्षातही येत नाही. ईएसएक्सआयमध्ये 'डिलीट ऑल' म्हटल्यावर बदल मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात. मोठ्या डिस्कला याला वेळ लागतो, तो धरून चाला.

मग व्हीएमवेअर टूल्स, म्हणजे गेस्टमध्ये बसवलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर वगैरे. विंडोजमधून हे जुन्या होस्टवर असतानाच काढायचे, कारण पलीकडे गेल्यावर त्यांचा अनइन्स्टॉलर 'ही व्हीएमवेअरची मशीन नाही' म्हणून काम नाकारतो आणि मग रजिस्ट्रीतून एकेक नोंद पुसावी लागते. मात्र टूल्स गेले की व्हीएमएक्सनेट३ या आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही जातो आणि नेटवर्क तुटतं. रिमोट डेस्कटॉपवरून हे करू नका, कन्सोलवरून करा. त्याआधी आयपी पत्ता, सबनेट, गेटवे, डीएनएस आणि मॅक पत्ता कागदावर उतरवा. आणि त्याच्याही आधी पूर्ण बॅकअप घ्या, कारण इथून पुढे जुनी मशीनही पहिल्यासारखी राहत नाही.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल तर त्याचं संरक्षण थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्या मशीनच्या बाहेर ठेवा. व्हर्च्युअल टीपीएममधलं, म्हणजे किल्ल्या ठेवणाऱ्या आभासी चिपमधलं, काहीही नव्या होस्टवर येत नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो. तो आधी सरेंडर करा आणि नव्या जागी पुन्हा सक्रिय करा. मार्चअखेरीच्या धामधुमीत व्हीएम हलवायला घेऊ नये, यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी मशीन पूर्ण बंद करायची. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे अर्धं हायबरनेशन असतं. कमांड प्रॉम्प्टवर शटडाउन आज्ञेला एस आणि टी शून्य हे पर्याय दिले की खरंच बंद होतं.

लिनक्सची तयारी वेगळी

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये, म्हणजे आरएचईएल, रॉकी, अल्मा यांत, ड्रॅकट नावाचं साधन बूटच्या वेळचा छोटा डिस्क-संच बनवतं आणि जागा वाचवण्यासाठी त्यात फक्त समोर दिसणाऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर भरतं. व्हर्टआयओ, म्हणजे केव्हीएमची आभासी डिस्क आणि नेटवर्क उपकरणं, व्हीएमवेअरवर दिसत नाहीत, म्हणून त्यांचा ड्रायव्हर भरला जात नाही. नव्या होस्टवर कर्नल सुरू होतो, रूट डिस्क शोधत बराच वेळ थांबतो आणि ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये येऊन बसतो. उपाय एका ओळीचा आहे: निघण्याआधी ड्रॅकटला 'फोर्स' आणि 'नो-होस्टओन्ली' हे दोन पर्याय देऊन चालवा. आधीच अडकला असाल तर बूट मेन्यूतला रेस्क्यू कर्नल निवडा. त्यात बहुधा सगळे ड्रायव्हर असतात, तिथून तीच आज्ञा 'रीजनरेट-ऑल' हा पर्याय जोडून द्या. डेबियन आणि उबंटूमध्ये हा संच मुळातच भरगच्च असतो, तिथे हा त्रास सहसा होत नाही.

कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कची नावं एसडीए१, एसडीबी१ अशी लिहिलेली असतील तर ती यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, बदला. व्हर्टआयओ ब्लॉकवर त्याच डिस्कचं नाव व्हीडीए होतं.

नेटवर्क कार्डाचं नावही बदलतं. व्हीएमवेअरवर जे ईएनएस१६० किंवा ईएनएस१९२ होतं, ते प्रॉक्समॉक्सवर बहुतेक वेळा ईएनएस१८ होतं. नेटप्लॅन किंवा इंटरफेसेस फाइलमध्ये जुनंच नाव राहिलं तर मशीन उठते, पण नेटवर्कवर दिसत नाही. ज्यांना फक्त एसएसएचने आत जायची सवय आहे त्यांना वाटतं, मशीनच उठली नाही. कन्सोल उघडा, नाव दुरुस्त करा, एवढंच.

फाइल नेताना

प्रॉक्समॉक्समध्ये २०२४ पासून इम्पोर्ट विझार्ड आहे. स्टोरेजमध्ये ईएसएक्सआयचा पत्ता आणि पासवर्ड दिला की तिथल्या व्हीएमची यादी दिसते आणि त्या थेट ओढून घेता येतात. व्हीसॅनवरच्या (व्हीएमवेअरच्या सामायिक साठवणीवरच्या) आणि एन्क्रिप्ट केलेल्या डिस्क मात्र त्याला चालत नाहीत. त्यात 'लाइव्ह इम्पोर्ट' असाही पर्याय आहे: डेटा येत असतानाच मशीन चालू होते. हिशेबाच्या किंवा डेटाबेसच्या मशीनला तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मध्येच नेटवर्क तुटलं तर इम्पोर्ट सुरू झाल्यापासून नव्या मशीनवर लिहिलं गेलेलं सगळं जातं.

हाताने न्यायचं असेल तर ईएसएक्सआयवर एका डिस्कच्या दोन फाइल असतात. एक काहीशे अक्षरांची मजकुराची व्हीएमडीके, जिच्यात डिस्कचं वर्णन असतं. दुसरी 'फ्लॅट' नावाची, जिच्यात खरा डेटा असतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये न्या आणि आज्ञेत छोटीचं नाव द्या.

वेळेचा हिशेब आधी करा. एक गिगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. ५०० जीबीला साधारण सव्वा तास लागतो. डिस्क थिन (भरेल तेवढीच जागा घेणारी) असली आणि आत १२० जीबीच भरलेलं असलं, तरी फाइल कॉपी करणारा एससीपी रिकामी जागाही शून्यं म्हणून पाठवतो, म्हणजे पूर्ण ५०० जीबी. व्हीएमवेअरच्या ओव्हीएफ टूलने एक्स्पोर्ट केलं तर भरलेला भागच, तोही आवळून, येतो. यूएसबी डिस्कवरून नेणार असाल तर ती एफएटी३२ नसावी, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे एसएचए२५६, म्हणजे फाइलचा ठसा, काढून जुळवा. त्यात थोडा वेळ जातो, पण मागाहून डिस्कवर शंका घ्यायला जागा राहत नाही.

इथे बरेच जण व्हीएमडीकेची आधी क्यूकाऊ२ (केव्हीएमकडचा डिस्क फाइलचा प्रकार) करतात आणि मग ती प्रॉक्समॉक्समध्ये घालतात. साठवण एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएस असेल तर हा फेरा वाया जातो, कारण तिथे डिस्क शेवटी कच्च्या स्वरूपातच राहते. रिकामी व्हीएम बनवा, तिचा क्रमांक समजा १०५ आहे, आणि 'क्यूएम डिस्क इम्पोर्ट' या आज्ञेला १०५, व्हीएमडीकेचं नाव आणि स्टोरेजचं नाव द्या. रूपांतर त्यातच होतं. डिस्क हार्डवेअरच्या यादीत 'अनयूज्ड' म्हणून येते. तिच्यावर दोनदा क्लिक करून ती जोडावी लागते.

विंडोज आणि ०x७बी

निळा पडदा, त्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', जुन्या विंडोजवर हाच एरर ०x७बी म्हणून दिसतो. डिस्क सुरुवातीलाच व्हर्टआयओ स्कझीवर जोडली तर हे होणारच. ड्रायव्हर आधी इन्स्टॉल केला होता असं कुणी म्हणेल, पण तेवढ्याने भागत नाही. विंडोजने ते उपकरण एकदा डोळ्यांसमोर पाहिल्याशिवाय त्याचा ड्रायव्हर बूटच्या पहिल्या टप्प्यात उचलायच्या यादीत जात नाही.

म्हणून उपकरण दाखवायचं, पण बूट दुसऱ्यावरून करायचं. मूळ डिस्क साटा या नेहमीच्या डिस्क-जोडणीवर जोडा. कंट्रोलर 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' निवडा आणि त्यावर १ जीबीची रिकामी डिस्क जोडा. विंडोजसाठीचे व्हर्टआयओ ड्रायव्हर असलेली व्हर्टआयओ-विन आयएसओ सीडी म्हणून लावा. साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, त्यामुळे मशीन उठते. उठलीच नाही तर एकदा सेफ मोडमध्ये चालू करून बघा. आत गेल्यावर सीडीवरचं गेस्ट टूल्स चालवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली की ड्रायव्हर लागला. ती फॉरमॅट करायची गरज नाही. आता मशीन बंद करा, रिकामी डिस्क काढून टाका, मूळ डिस्क साटावरून सोडवून स्कझी ० वर जोडा. आणि मग ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर उघडून स्कझी ० पुढे खूण करा. शेवटची ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. डिस्क सोडवून पुन्हा जोडली की ती बूटच्या यादीतून निघून गेलेली असते.

जोडताना 'डिस्कार्ड'वर खूण करून ठेवली तर गेस्टने मोकळी केलेली जागा थिन साठवणीलाही परत मिळते.

यूईएफआय मशीनला ईएफआय डिस्क जोडायला विसरू नका, नाहीतर बूटची नोंद टिकत नाही. जुन्या होस्टवरची ती नोंद तर व्हीएमडीकेमध्ये नसतेच. विंडोज ठरलेल्या पर्यायी जागेवर बूटलोडरची प्रत ठेवतं, म्हणून ते निभावतं. डेबियन तशी प्रत आपणहून ठेवत नाही. तिथे लोगो दिसताच एस्केप दाबून 'बूट फ्रॉम फाइल'मधून ग्रब किंवा शिम या बूटलोडरची फाइल निवडायची आणि आत गेल्यावर ग्रब पुन्हा इन्स्टॉल करायचा.

उठल्यावर बघायच्या गोष्टी

विंडोज सर्व्हरवर डी ड्राइव्ह गायब दिसला तर घाबरू नका. सर्व्हरचं धोरण नव्या कंट्रोलरवर आलेल्या दुसऱ्या डिस्कला ऑफलाइन ठेवू शकतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवं क्लिक करून ऑनलाइन करा, डेटा तिथेच असतो.

जुना आयपी पत्ता टाकताना 'हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे' असं विंडोज म्हणालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा. फिकट दिसणारं व्हीएमएक्सनेट३ कार्ड काढून टाकलं की पत्ता मोकळा होतो. मॅक पत्ता मात्र जुनाच ठेवणं बरं, राउटरवरच्या डीएचसीपीच्या नोंदी आणि काही परवाने त्यावर अवलंबून असतात.

घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर प्रॉक्समॉक्समध्ये गेस्टचा प्रकार विंडोजऐवजी दुसराच निवडला गेलाय. विंडोजला हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ अपेक्षित असते, लिनक्सला यूटीसी. डोमेनमध्ये लॉगिन तपासणारं कर्बेरॉस पाच मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही, म्हणून आधी घड्याळ आणि मगच लॉगिनच्या तक्रारी बघायच्या.

सीपीयूचा प्रकार एकच सर्व्हर असेल तर 'होस्ट' ठेवा. वेगवेगळ्या पिढ्यांच्या दोन-तीन मशीनमध्ये चालू व्हीएम फिरवायची असेल तर सगळ्यांत जुन्या सीपीयूला जमेल तो सामायिक प्रकार निवडा. मात्र केव्हीएम६४ इतकं खाली उतरू नका, आरएचईएल ९ ला किमान एक्स८६-६४-व्ही२ लागतं. इंटेलवरून एएमडीवर जायचं तर मशीन बंद करूनच न्यावी. आणि एम१ वगैरे चिपच्या मॅकवर ही व्हीएम चालवायचा विचार असेल तर तो सोडा. आर्मवर एक्स८६ म्हणजे प्रत्येक सूचनेचं भाषांतर, कामापुरता वेगही मिळत नाही.

जुनी व्हीएम लगेच पुसू नका. तिचं नेटवर्क कार्ड 'डिस्कनेक्टेड' करून, आपोआप चालू होण्याच्या यादीतून काढून, बंद ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालू झाल्या तर आयपी पत्त्यांची टक्कर हा त्यातला किरकोळ भाग. डोमेन कंट्रोलरच्या दोन प्रती एकाच नेटवर्कवर आल्या तर डिरेक्टरीच बिघडते. नव्या होस्टवरून घेतलेला बॅकअप एकदा वेगळ्या क्रमांकावर उलगडून, नेटवर्क तोडून, बूट होतो का ते बघा. तो उठला आणि महिनाअखेरीचे व्यवहार नव्या मशीनवर पार पडले, की मग जुनी डिस्क मोकळी करायला हरकत नाही.